मध काढून झाल्यावर

मधयंत्राची मूठ फिरवून झाली, तोटीतून मधाची शेवटची धार गाळणीत उतरली, की काम संपलं असं पेटी नव्यानं घेतलेल्याला वाटतं. मग यंत्रातून चौकटी बाहेर निघतात आणि कळतं, की निम्मं काम अजून बाकी आहे. चौकट हातात घेतली की बोटांना चिकटते. उजेडासमोर धरली तर पोळ्यातल्या प्रत्येक घराच्या तळाशी मधाचा चकचकीत थर दिसतो. कडेच्या पाच-दहा घरांवरचं मेणाचं टोपण सुरीतून सुटलेलं असतं, आणि खालच्या पट्टीवरून मधाची तार लोंबत असते. यंत्र कितीही जोरात फिरवलं तरी एवढा मध राहतोच. जोर आणखी वाढवला तर मधाऐवजी पोळंच तुटून येतं. मेलिफेरा या परदेशी माशीच्या एका मधकोठीतल्या आठ-दहा चौकटींत मिळून अर्धा किलोपर्यंत मध असा अडकून राहू शकतो. आपल्या सातेरी माशीच्या चौकटी लहान, त्यामुळे त्यांत कमी, पण राहतो हे नक्की.

या ओल्या चौकटींचं करायचं काय? पाण्यानं धुवाव्यात तर घरांत पाणी अडकून बसतं आणि नाजूक मेण मोडतं. पुसता तर येतच नाहीत. तशाच माळ्यावर टाकल्या तर रात्रीत मुंग्यांची रांग लागते. जगभरचे बहुतेक मधपाळ यावर एकच उपाय करतात: ज्यांनी त्या भरल्या त्यांनाच त्या चाटून स्वच्छ करायला द्यायच्या. मतभेद आहेत ते कुठे, कधी आणि कशा द्यायच्या यावर. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळा पेटीतलं मेण मऊ करतो आणि आग्या माशी कुठूनही मधाचा वास काढते, तिथे हे मतभेद किरकोळ राहत नाहीत.

आधी हे पाहू, की रिकामं पोळं एवढं जपायचं कशाला. मोहोळ झाडायच्या जुन्या पद्धतीत हा प्रश्नच नव्हता. रात्री जाळ लावायचा, माश्या पळाल्या किंवा मेल्या की पोळं कापायचं आणि मध, पिलं, परागकण सगळं एकत्र फडक्यात घालून पिळायचं. उरलेला चोथा वितळवून मेण करायचं. पोळं एकदाच वापरायचं आणि वसाहतीला पुन्हा शून्यापासून सुरुवात करायला लावायची, असा तो हिशेब होता.

हा हिशेब बदलला तो एकोणिसाव्या शतकात. 1851 मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मगुरूला उमगलं, की माश्या दोन पोळ्यांमध्ये स्वतःला ये-जा करण्यापुरतं, मिलिमीटरमध्ये मोजावं एवढंच अंतर मोकळं ठेवतात. त्याहून कमी असेल तर ते बुजवतात, जास्त असेल तर तिथे नवं पोळं बांधतात. ते अंतर नेमकं राखलं तर चौकटी पेटीला चिकटत नाहीत आणि एकेक उचलून बाहेर काढता येते. पुढे 1865 मध्ये फ्रान्झ फॉन ह्रुश्का यानं पोळं गरगर फिरवून मध बाहेर फेकणारं यंत्र दाखवलं. चौकट आणि यंत्र एकत्र आल्यावर मध काढूनही पोळं शाबूत राहू लागलं. भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी आपल्या लहान चणीच्या सातेरीला बसेल अशी पेटी केली, आणि तिचे वारसदार आजही खेड्यापाड्यांत दिसतात.

वर्ध्याला ही पेटी पोचली ती एका विचाराच्या हातात हात घालून. डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं बिऱ्हाड थाटलं. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, गूळ यांच्या जोडीला मधमाशीपालनही संघाच्या कामात होतं. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा पक्के हिशेबी माणूस, शिक्षणानं लेखापाल. पोळं न पिळता, पिलं न मारता काढलेल्या मधाला गांधीवादी मंडळी अहिंसक मध म्हणत. त्यात नीती होतीच, पण माझ्या मते हिशेबही तेवढाच होता. कुमारप्पांनी जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1945 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’मध्ये निसर्गातल्या अर्थव्यवस्थांच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. परोपजीवी आणि लुटारू या खालच्या पायऱ्या, त्यावर उद्यमाची, आणि त्याच्याही वर समूहासाठी साठवणाऱ्यांची, जिचं उदाहरण म्हणून त्यांनी मधमाशी घेतली. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. ग्रामोद्योगांचा तो काळ पाहायचा असेल तर अवश्य जावं.

आता कुमारप्पांच्या पद्धतीनं पोळ्याचाच हिशेब मांडू. मेण माशी कुठून गोळा करून आणत नाही, ते तिच्या अंगातून येतं. साधारण बारा ते अठरा दिवसांच्या कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून अभ्रकाच्या कपच्यांसारखे पारदर्शक तुकडे सुटतात, माशी ते चावून मऊ करते आणि जागेवर बसवते. एक किलो मेण तयार व्हायला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असं साधारण धरतात. सातेरीच्या एका मधकोठीतल्या बांधलेल्या पोळ्यांत पाव किलो मेण धरलं, तर दीड-दोन किलो मधाची ती गुंतवणूक झाली. सातेरीची वसाहत मधपाळाला वर्षाला पाच ते दहा किलो मध देते, त्यातली ही रक्कम. शिवाय संत्र्याचा बहर असतो जेमतेम तीन-चार आठवडे. त्यातले पहिले आठ-दहा दिवस माश्या घर बांधण्यात गुंतल्या, तर मध साठवायला उरतं काय? म्हणून अनुभवी मधपाळ काढलेल्या मधाइतकंच बांधलेल्या पोळ्याला जपतो. मधाची बरणी विकून पैसे एकदाच येतात; पोळं पुढची दोन-तीन वर्षं कामाला येतं.

हे पोळं जपायचं तर त्यातला उरलेला मध जायला हवा. मध हवेतलं पाणी शोषून घेतो. बरणीत बंद असतो तेव्हा चिंता नसते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार विक्रीच्या मधात पाणी 20 टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि त्या मर्यादेत मध सहसा आंबत नाही. पण पोळ्याच्या भिंतीला लागलेला पातळ थर जूनच्या दमट हवेत चार दिवसांत पाणी ओढतो. मग त्यातले यीस्ट जागे होतात आणि आंबूस वास सुटतो. असा मध नंतर पेटीत गेला तर माश्यांना हगवण लागते. काही मध तर ओला राहतच नाही, साखरेसारखा गोठून बसतो. कापसाचा मध त्यातला. कपाशीच्या फुलांत आणि पानांच्या शिरांवरही मधुरस पाझरतो, आणि त्याचा मध झपाट्यानं रवाळ होतो. वर्ध्यात कपाशी काय थोडी आहे? चौकटी आठवडाभर ठेवून दिल्या की घरांच्या तळाशी पांढरे रवे बसतात. ते माश्यांना चाटता येत नाहीत. त्यांना बाहेरून पाणी आणून ते विरघळवावे लागतात, नाहीतर सरळ कचरा समजून पेटीबाहेर टाकतात. म्हणून मध काढल्याच्या दिवशीच चौकटी परत द्याव्यात. उशीर झालाच असेल तर देण्याआधी त्यांवर कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा.

आता मुद्द्याचा प्रश्न: द्यायच्या कुठे?

सगळ्यात सोपा वाटणारा मार्ग म्हणजे चौकटी अंगणात, झाडाखाली उघड्यावर मांडून ठेवायच्या. तासाभरात माश्यांचा ढीग पडतो, संध्याकाळपर्यंत चौकटी कोरड्या. परदेशातही हे करणारे आहेत आणि त्यांच्या बाजूनं बोलायला एक मुद्दा आहेच, की मधपाळाचे कष्ट शून्य. मला मात्र हा मार्ग वर्ध्यात तरी साफ अमान्य आहे, आणि त्याचं कारण समजून घ्यायला एप्रिलअखेरची रसवंती पुरेशी आहे.

वर्धा-नागपूर रस्त्यावर भर उन्हात कुठल्याही रसवंतीपाशी थांबा. चरख्याभोवती, चिपाडांच्या ढिगावर, धुतलेल्या पेल्यांवरसुद्धा माश्या घोंघावत असतात. लहान फुलोरी असतात, काळपट सातेरी असतात, आणि मोठ्या, सोनेरी पोटाच्या आग्याही असतात. गिऱ्हाईक घाबरतं, पण त्या सहसा डसत नाहीत, कारण तिथे त्यांना राखायला घर नसतं. त्या तिथे आल्या कारण शिवारात फूल उरलेलं नाही. तूर कापून झाली, संत्र्याचा आंबिया बहर सरला, कडुनिंबाचा मोहोर झडला. अशा दिवसांत गोडाचा एक थेंब दिसला तरी माशी घरी जाऊन वर्दी देते.

ही वर्दी देण्याची रीत कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली आणि त्यासाठी त्यांना 1973 चं नोबेल मिळालं. अन्न दूर असेल तर माशी पोळ्यावर शेपूट हलवत नाचते आणि त्या नाचात दिशा आणि अंतर दोन्ही सांगते. अन्न अगदी जवळ असेल तर ती गोल-गोल फिरते, त्यात दिशेची खूण फारशी स्पष्ट नसते. तिचा निरोप एवढाच: जवळच आहे, या वासाचं आहे, शोधा. मग शेकडो माश्या बाहेर पडतात आणि त्या वासाचं जे काही जवळपास असेल ते शोधू लागतात. अंगणातल्या चौकटींना मधाचा वास, आणि शेजारच्या पेटीलाही मधाचाच वास. चौकटी चाटून संपल्या की या फौजेपुढे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शेजारची कमजोर पेटी.

मधपाळांच्या भाषेत याला लूट म्हणतात आणि ती एकदा सुरू झाली की थांबवणं अवघड. लुटारू माशी ओळखू येते. ती पेटीच्या तोंडाशी सरळ येऊन उतरत नाही. समोर डुलत-डुलत घिरट्या घालते, झाकणाच्या फटीत, लाकडाच्या भेगेत नाक खुपसते. दारावरच्या पहारेकरी माश्यांशी झटापट होते, दोघी एकमेकींना धरून फळीवरून खाली पडतात. दारासमोर मेणाचा बारीक चुरा पडलेला दिसला, की समजावं आत टोपणं फाडून मध लुटला जातोय. मेलिफेराची ताकदवान वसाहत अशा वेळी लढते. सातेरीचं तसं नाही. सातेरीची कमजोर वसाहत लुटीला कंटाळून राणीसकट पेटी सोडून निघून जाते. मधपाळ सकाळी झाकण उघडतो तर रिकामी पोळी आणि चार मेलेल्या माश्या. वर्षभर सांभाळलेली वसाहत अर्ध्या किलो मधापायी गेलेली असते.

दुसरं भय रोगाचं. एका पेटीतला मध चार पेट्यांनी चाटला, की एका पेटीचा आजार चौघींना होऊ शकतो. 1991-92 मध्ये दक्षिण भारतात सातेरी माश्यांमध्ये थायी सॅकब्रूड या विषाणूची साथ आली, तेव्हा केरळ, तामिळनाडू, कर्नाटकात हजारो पेट्या ओस पडल्या. पिलं पोत्यासारखी फुगून मरायची. अमेरिकन फाउलब्रूड या जिवाणूरोगाचे बीजाणू तर मधात आणि जुन्या पोळ्यांत कित्येक दशकं जिवंत राहतात. आपली चौकट आपल्याच पेटीला परत गेली तर धोका वाढत नाही, कारण जे होतं ते तिथेच होतं. बाजारातला मध आणून माश्यांना खाऊ घालू नये, हा नियमही याच कारणासाठी आहे. पाजायचंच असेल तर साखरेचा पाक पाजावा.

आणखी एक अडचण उघड्यावरच्या चौकटींची: माश्या त्या साफ करताना नाजूकपणा दाखवत नाहीत. घरात शांतपणे चाटतात, तर बाहेर हजारो जणींच्या रेटारेटीत पोळ्याच्या कडा कुरतडल्या जातात, भिंती फाटतात. जे वाचवण्यासाठी हा खटाटोप, त्याचाच चुरा पदरी पडतो.

म्हणून योग्य जागा एकच, ज्या वसाहतीची चौकट तिच्याच पेटीच्या माथ्यावर. पण त्यातही एक खुबी आहे. ओल्या चौकटींची मधकोठी पिलांच्या कोठीवर थेट ठेवली आणि शिवारात फुलं असली, तर माश्या ती चाटून साफ करत नाहीत. आहे तो मध तसाच ठेवून वर नवा भरतात. आंबिया बहर ऐन भरात असताना मध काढला असेल तर हे हवंच आहे, ओल्या चौकटी द्याव्यात आणि मोकळं व्हावं. बहर संपल्यावर, कोठी साठवणीत ठेवायची असेल, तेव्हा मात्र मध खाली उतरवून घ्यायचा असतो. त्यासाठी पिलांच्या कोठीवर आधी आतलं झाकण ठेवतात, ज्याला मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढं किंवा थोडं मोठं भोक असतं. त्यावर ओल्या चौकटींची कोठी, आणि तिच्यावर पेटीचं वरचं झाकण. एवढा एक आडपडदा आला, की माश्यांच्या लेखी वरची जागा घराबाहेरची होते. घराबाहेरचं अन्न घरात आणायचं, पिलांच्या माथ्यावर रचायचं, ही त्यांची उपजत रीत. त्या भोकातून वर जातात, पोटात मध भरतात आणि खाली येऊन रिता करतात. टोपण राहून गेलेली घरं काट्यानं खरवडून दिली तर तीही रिकामी करतात. मेणाचं टोपण शाबूत असेल तर बहुधा हात लावत नाहीत. यंत्राआधी सुरीनं कापलेली मधाळ टोपणंही ताटलीत पसरून याच जागी ठेवता येतात. दोन दिवसांनी ताटलीत कोरडा, खुळखुळणारा मेणाचा भुसा मिळतो, वितळवायला तयार.

ही साफसफाई जवळून बघण्यासारखी असते. वरचं झाकण हळूच उचलून एका घरावर नजर ठेवा. माशी घराच्या तोंडाशी येते, मिशांनी कड चाचपते आणि डोकं, मग छातीपर्यंतचं सगळं अंग आत घालते. बाहेर फक्त पोट आणि मागचे पाय दिसतात. घराची खोली सेंटीमीटरभर, तिची सोंड पाच-सहा मिलिमीटरची, त्यामुळे अंग आत घातल्याशिवाय तळ लागत नाही. पोट आकुंचन-प्रसरण पावत असतं, म्हणजे आत ओढणं सुरू आहे. मग ती बाहेर येते, पुढच्या पायांनी मिशा पुसते आणि शेजारच्या घरात शिरते. तिच्या मधाच्या पिशवीत साधारण 40 मिलिग्रॅम मध मावतो. म्हणजे अर्धा किलो मध खाली न्यायला साडेबारा हजार खेपा. दहा हजार माश्यांच्या वसाहतीला एका रात्रीत हे जड नाही, कारण उडायचं नाही, फूल शोधायचं नाही, फक्त वीतभर चालायचं आहे. बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, फार तर तिसऱ्या दिवशी, घरं कोरडी ठणठणीत होतात. जाता-जाता त्या फाटलेल्या कडाही नीट करून ठेवतात.

वेळ संध्याकाळचीच साधावी, दिवस मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर. वासानं उत्तेजित होऊन कोणी वर्दी दिली तरी अंधारात उडायची सोय नसते, आणि सकाळ उजाडेपर्यंत निम्मं काम उरकलेलं असतं. चार पेट्या असतील तर चारींना आपापल्या चौकटी एकाच संध्याकाळी द्याव्यात, म्हणजे सगळ्याच आपल्या घरात गुंतून राहतात. पेटीचं तोंड एक-दोन माश्या जातील एवढं लहान करावं, भेगा शेणमातीनं बुजवाव्यात. मेण आणि मध सांडलेली फळी ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी. मधयंत्र घरात, जाळी लावलेल्या खोलीत चालवावं. काम झाल्याबरोबर ते गरम पाण्यानं विसळावं आणि ते गोड पाणी अंगणात न ओतता खड्ड्यात टाकून त्यावर माती लोटावी. अंगणात ओतलेलं पाणी म्हणजे पुन्हा रसवंतीच. पेटी ज्यावर ठेवतात त्या घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या आधीपासून असतातच, त्या दिवशी त्या भरलेल्या आहेत का तेवढं पाहावं; मुंग्यांनाही वर्दी लागते.

साफ झालेल्या चौकटी पुढच्या हंगामापर्यंत कशा राखायच्या, ही वेगळीच लढाई. शत्रू मेणपतंग. राखाडी रंगाचा हा लहान पतंग रात्री पोळ्यात अंडी घालतो, आणि अळ्या मेणातून बोगदे काढत, जाळं विणत सगळं पोळं फस्त करतात. दमट, उबदार हवेत हे काही आठवड्यांत होतं. गंमत अशी, की अळ्यांना शुद्ध मेणापेक्षा पिलांच्या कोठीतली काळी पोळी जास्त आवडतात, कारण त्यांत पिलांच्या कोषांचे थर आणि परागकण असतात. म्हणून मधकोठीतली पांढरी, माश्यांनी कोरडी केलेली पोळी त्यातल्या त्यात सुरक्षित. कोठ्या एकावर एक रचून, फटी चिकटपट्टीनं बंद करून, आत गंधकाची धुरी देण्याची पद्धत जुनी आहे. पण गंधकानं अळ्या आणि पतंग मरतात, अंडी मरत नाहीत, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा धुरी द्यावी लागते. ज्यांच्याकडे मोजक्या चौकटी आहेत त्यांनी त्या डीप फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून मग पिशवीत बंद केल्या तर अंड्यांचाही निकाल लागतो. पत्र्याच्या खोलीत मात्र ठेवू नयेत. मेण वितळतं 62 ते 64 अंशांना, पण मऊ त्याच्या फार आधी पडतं, आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या वर जातो तेव्हा पत्र्याखालची चौकट आपल्याच वजनानं ओघळते. काळीकुट्ट झालेली पिलांची पोळी साठवूच नयेत, वितळवावीत. सातेरी स्वतःसुद्धा जुनी पोळी कुरतडून टाकते, तिचं ऐकावं.

आग्या माशीचा मध काढणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, कारण तिला पेटीत ठेवता येत नाही आणि यंत्रात घालायला चौकट नसते. पण तिथेही पोळं वाचवण्याचा विचार वर्ध्यातूनच पुढे गेला. देवेंद्रकुमार यांनी 1976 मध्ये उभ्या केलेल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेनं मध काढणाऱ्यांना एक साधी गोष्ट शिकवली. आग्याच्या पोळ्यात मध एका टोकाला, फांदीलगतच्या जाड भागात असतो आणि पिलं उरलेल्या भागात. अंगभर संरक्षक पोशाख घालून फक्त मधाचा तुकडा कापला, तर माश्या पिलांवरून उठत नाहीत आणि कापलेली जागा पुन्हा भरतात. जाळ लावून सगळं मोहोळ संपवण्यापेक्षा एकाच मोहोळातून एका हंगामात दोनदा-तीनदा मध मिळतो.

पुन्हा पेटीकडे. वर्ध्यातल्या फुलांचं पंचांग बघून शेवटची काढणी कधी करायची ते ठरतं. कार्तिक-मार्गशीर्षात तूर फुलते. जानेवारी-फेब्रुवारीत आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या संत्राबागांचा आंबिया बहर. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब. बोर अभयारण्याच्या कडेनं पेट्या असतील तर रानातली झाडं थोडी अधिक साथ देतात. त्यानंतर मृगापर्यंत उपास. पावसाळ्यातही झडीचे दिवस आले की माश्यांना बाहेर पडता येत नाही, आणि कपाशीवर फवारणी सुरू असली की पडूच देऊ नये, फवारणीच्या दिवशी पेटीचं तोंड बंद ठेवावं. थोडक्यात, कडुनिंबानंतर काढलेला मध हा माश्यांच्या उपासातला घास असतो. ओल्या चौकटींतून खाली उतरलेला तो अर्धा-पाव किलो तेव्हा त्यांना साखरेच्या पाकापेक्षा बरा पडतो, कारण त्यात त्यांच्याच शिवाराचं सगळं आहे.

सरकारी योजनांतून आता पेट्या भरपूर वाटल्या जातात. खादी आयोगाचं हनी मिशन 2017 पासून आहे, राज्याच्या खादी मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरहून काम पाहतं, आणि 2022 मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पेटीबरोबर दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यात मध काढायचा कसा हे शिकवतात, काढून झाल्यावरच्या रात्रीचं क्वचितच कुणी बोलतं. तुमच्याकडे पेटी असेल किंवा येणार असेल, तर पहिल्या काढणीच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी तयार ठेवा: प्रत्येक पेटीसाठी भोकाचं आतलं झाकण, आणि कुठली चौकट कुठल्या पेटीची हे कळावं म्हणून पट्टीवर खडूनं टाकलेला आकडा. चौकटी मिसळल्या की मग कुणाचा मध कुणाला, हे माश्यांना विचारता येत नाही. आणि शेजाऱ्यानं चौकटी अंगणात मांडलेल्या दिसल्या, तर ऊन चढायच्या आधी त्याला हटकून सांगा. त्याच्या अंगणातली लूट तुमच्या पेटीपर्यंत यायला एक दुपार पुरते.